एडन : आहार व भोजनपद्धती

येमेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन या बंदराच्या शहरातील खाद्यपदार्थ, ते रांधण्याच्या रीती आणि पाहुण्याला जेवू घालण्याचे संकेत यांना येमेनी आहारपरंपरेत स्वतंत्र स्थान आहे. उत्तरेकडील पहाडी मुलखात ज्वारी, मेथी, ताक व मेंढीचे मांस यांवर आहार उभा आहे, तर पूर्वेकडील हद्रमौत प्रांतात तांदूळ, खजूर, मध व सुकी मासळी यांना महत्त्व आहे. एडनमध्ये या दोन्ही परंपरा येऊन मिळतात. परंतु तेथील स्वयंपाकघराला खरा आकार दिला तो समुद्रमार्गे आलेल्या मालाने आणि माणसांनी, व त्यांत पश्चिम भारताचा वाटा फार मोठा आहे. २०१५ पासूनच्या युद्धात या शहराची जी अन्नान्नदशा झाली तिचे मूळही समुद्रावरील याच अवलंबनात आहे.

शहराची जुनी वस्ती एका मृत ज्वालामुखीच्या मुखात असून तिच्याभोवती उघडे काळे डोंगर आहेत. पाऊस अत्यल्प पडतो. डोंगरावरून येणारे पाणी साठविण्यासाठी खडकात खोदलेली व चुन्याने लिंपलेली जुनी टाकी हेच येथील प्रसिद्ध प्राचीन बांधकाम होय. इ. स. १३३० च्या सुमारास येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने येथे पीक, झाड व गोडे पाणी नसल्याचे नमूद केले आहे. त्याचबरोबर येथे हिंदी व्यापारी राहतात व हिंदुस्थानातून मोठी जहाजे येतात असे सांगून त्या बंदरांच्या यादीत त्याने खंबायत, कोल्लम, कालिकत यांच्याबरोबर ठाण्याचेही नाव दिले आहे. स्वतःचे धान्य न पिकविणारे शहर शतकानुशतके पोटभर जेवत राहिले, ते बंदर चालू होते म्हणून.

कोकणचा या व्यापाराशी जुना संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे बहमनी व पुढे आदिलशाही काळात अरबी घोड्यांच्या व्यापाराचे आणि मक्केच्या यात्रेकरूंचे बंदर होते. सतराव्या शतकाच्या आरंभी दाभोळची जहाजे तांबड्या समुद्रातील मोखा बंदरापर्यंत जात. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले आणि १५१३ मध्ये एडनवर हल्ला चढविला. दाभोळ पडले, एडन त्या वेळी बचावले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रत्नागिरी जिल्ह्यात अरबी गलबते थेट येत असे राजापूर हे एकच बंदर उरले होते. या जुन्या दळणवळणाची एक खूण आजही जेवणाच्या ताटात दिसते. उत्तर भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. कोकणी मुसलमान मात्र एडन व हद्रमौतच्या किनाऱ्यावरील लोकांप्रमाणे शाफी पंथाचे आहेत. हनफी मतानुसार शिंपल्यातील जीव वर्ज्य असून कोळंबीविषयी मतभेद आहेत. शाफी मताला कोळंबी, शेवंड, तिसऱ्या यांसारख्या समुद्री जीवांचे वावडे नाही. राजिवड्याच्या किंवा दाभोळच्या मुसलमान घरात तिसऱ्यांचे कालवण शिजते, ते केवळ समुद्र जवळ आहे म्हणून नव्हे.

ब्रिटिशांनी १९ जानेवारी १८३९ रोजी एडन घेतले तेव्हा तेथील वस्ती जेमतेम ६०० होती. त्यानंतर १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे व पुढे पाच वर्षे भारत सरकारकडे होता. १ एप्रिल १९३७ रोजी ती वेगळी वसाहत करण्यात आली. १८५० मध्ये एडन हे जकातमुक्त बंदर ठरले आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून यूरोपकडे जाणारी आगबोट येथे कोळसा घेऊ लागली. मुंबईच्या फौजेतील शिपाई, कारकून, पारशी, बोहरा व बनिया व्यापारी, आचारी आणि खलाशी यांच्याबरोबर मुंबईचा मसाला, तवा व लोणच्याची बरणीही तेथे पोहोचली. आगबोटींवरील खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. १९५१ पर्यंत एडनमध्ये रुपयाच चालत असे. १९५५ च्या शिरगणतीत सु. १,३८,००० वस्तीत भारतीय सु. १५,८०० होते. मराठी वाचकाला एडनचे नाव बहुधा वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे माहीत असते. तेथील तुरुंगातच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. एडनकडे मुंबई सरकार काळ्या पाण्याची एक जागा म्हणून पाहत होते, आणि त्याच वेळी मुंबईचे व्यापारी तेथे दुसरी मुंबई वसवीत होते.

एडनच्या बोलीतील खाद्यवाचक शब्द पाहिले म्हणजे हा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. भट्टीतील लांबट पावाला तेथे ‘रोती’ म्हणतात. लोखंडी तव्यावर तेल किंवा तूप सोडून भाजलेल्या, पदर सुटणाऱ्या पोळीला ‘खुब्ज तावा’ असे नाव आहे. ती आपल्याकडील पराठ्याहून फारशी निराळी नाही. रमजानमध्ये उपवास सोडताना लागणारी ‘बाजिया’ म्हणजे भजीच. फक्त बेसनाऐवजी भिजविलेली चवळी वाटून ती करतात. लिंबू, कैरी व मिरची यांच्या लोणच्याला ‘अशार’ म्हणतात. मासळीच्या किंवा मांसाच्या पातळ कालवणाला ‘सानूना’ असा शब्द आहे; आखाती देशांत त्यालाच ‘सालूना’ म्हणतात व ‘सालन’ या शब्दाशी त्याची जवळीक उघड आहे. लग्नकार्यातील मुख्य पदार्थ ‘जुर्बियान’ हा होय. दह्यात मुरविलेले मटण, तळलेला कांदा, बटाटे, खडा मसाला व अर्धवट शिजलेला तांदूळ यांचे थर देऊन, केशर शिंपडून तो मंद आचेवर दमाला लावतात. कृती आणि नाव दोन्ही बिर्याणीच्या कुळातली आहेत. तरी चव तीच नाही. एडनच्या मसाल्यात जिरे, मिरी, हळद, धने व वेलदोडा यांची पूड प्रमुख असते, तिला ‘हवाइज’ म्हणतात. लाल मिरचीचा तिखटपणा भातात न घालता बाजूच्या चटणीत ठेवतात.

मासळी : एडनच्या आहाराचा कणा मासळी हाच आहे. येथे सर्वांत मानाचा मासा ‘दैरक’ हा सुरमईच्या जातीचा होय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर तोवर किंवा सुरमई म्हणून व गोव्याकडे इसवण म्हणून जो मासा उतरतो, तोच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला दैरक नावाने विकला जातो. ‘थमद’ हा कुप्याच्या जातीचा लालसर मांसाचा मासा स्वस्त व भरपूर मिळत असल्याने सामान्य घरांत अधिक शिजतो. ‘वजिफ’ या वाळविलेल्या बारीक मासळीची चटणी करतात. सुकटीच्या चटणीची सवय असलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. हद्रमौतच्या किनाऱ्यावर तारलीसारखी वाळलेली मासळी उंट व गुरे यांनाही चारतात. मार्को पोलोच्या वृत्तांतातही त्या किनाऱ्यावरील गुरांच्या मत्स्याहाराचा उल्लेख आहे.

मासा एकच असला तरी रांधण्याच्या रीती वेगळ्या, आणि या वेगळेपणाचे कारण नारळ हे आहे. कोकणात मासळीचे कालवण ओल्या नारळाच्या वाटणावर उभे राहते व त्याला कोकम, चिंच किंवा कैरीची आंबट जोड मिळते. एडनच्या रुक्ष भूमीत नारळ नाही. म्हणून तेथे टोमॅटो, कांदा व लसूण यांच्या रसात तळलेल्या माशाचे तुकडे शिजवून ‘मुत्फाया’ करतात आणि आंबटपणासाठी लिंबू किंवा चिंच घालतात. चिंचेला येमेनमध्ये ‘हुमर’ म्हणतात. तांदळाबरोबर शिजविलेल्या मासळीला ‘सय्यादिया’ म्हणजे कोळ्याचे अन्न असे नाव असून भाताला तपकिरी रंग येईपर्यंत भाजलेला कांदा ही तिची खूण होय.

तथापि पाहुण्याने एडनमध्ये आवर्जून खावी अशी गोष्ट म्हणजे ‘मोफा’ पद्धतीचा मासा. मोफा म्हणजे मातीची उभी, नळकांड्यासारखी भट्टी. मासा पाठीकडून चिरून, पोटाची बाजू न तोडता पुस्तकासारखा उलगडतात; त्यावर चिरा देऊन मीठ व मसाला चोळतात आणि तापलेल्या भट्टीत थेट आचेवर भाजतात. वरचे आवरण जळून काळे होते, आत मात्र मांस रसरशीत राहते. त्याच भट्टीच्या भिंतीवर थापलेली ‘मलूज’ नावाची परातीएवढी पोळी त्याबरोबर देतात. जोडीला ‘सहाविक’ ही टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण व कोथिंबीर यांची ओली चटणी असते. ‘सहक’ म्हणजे वाटणे. सपाट दगडावर हातातील दुसऱ्या दगडाने ती वाटतात, म्हणजे पाटा-वरवंटाच. या जेवणाची सोय करणाऱ्या दुकानास ‘मुख्बाजा’ म्हणतात. रीत अशी की गिऱ्हाईक आधी मासळीबाजारात जाऊन आपला मासा निवडतो, वजन करून घेतो, तेथेच साफ करवितो आणि मग तो मुख्बाजात नेऊन देतो. भट्टीवाला भाजणावळ व पोळीचे पैसे तेवढे घेतो. मासा कोणता व किती ताजा याची जबाबदारी खाणाऱ्याचीच असल्याने नवख्या माणसाने स्थानिक सोबती घ्यावा हे बरे. डोळे व कल्ले पाहून मासा पारखण्याची कला मात्र दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच असून रत्नागिरीच्या माणसाला तेथे कोणी सहसा फसवू शकणार नाही.

मासळीनंतर गोड म्हणून ‘मासूब’ किंवा केळ्याचा ‘फत्ता’ खातात. गरम पोळीचा चुरा, पिकलेले केळे, तूप व मध कुस्करून हा पदार्थ करतात. शिकरण व मलिदा या दोहोंच्या मधला तो आहे असे म्हणता येईल. शहराच्या उत्तरेस असलेल्या लहज गावचा हलवाही प्रसिद्ध असून परतणारे पाहुणे तो भेट म्हणून नेतात.

पहाडी येमेनचा राष्ट्रीय पदार्थ मानला जाणारा ‘सल्ता’ एडनमध्येही मिळतो. दगडी भांड्यात उकळत्या मांसरसावर ‘हुल्बा’ म्हणजे भिजवून फेस येईतो घोटलेली मेथी घालून तो पुढ्यात आणतात. मेथीचा कडवटपणा घोटण्याने व पाणी बदलण्याने कमी होतो. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या आंबविलेल्या पिठाचे एकाच बाजूने भाजलेले, जाळीदार ‘लहूह’ हे आंबोळीचे भावंड होय. ते ताकात भिजवून, वर कोथिंबीर व मिरची घालून ‘शफूत’ करतात. जो मांस खात नाही त्याला सकाळच्या न्याहारीत ‘फूल’ ही शिजविलेली बाकला, घेवड्याची उसळ, मसूर व खुब्ज तावा हे पदार्थ निर्धास्तपणे घेता येतात. सल्त्याचा रस मात्र मांसाचा असतो. भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी समजू नये.

चहा : जगाला कॉफी देणारा देश म्हणून येमेनची ख्याती आहे व मोखा बंदराचे नाव कॉफीच्या एका प्रकाराला कायमचे चिकटले आहे. एडनचे लोक मात्र चहा पितात. येमेनमध्ये इतरत्रही कॉफीच्या बियांपेक्षा तिच्या टरफलांचा सुंठ घातलेला ‘किश्र’ नावाचा काढा अधिक प्रचारात आहे, कारण बी परदेशी जाई व टरफल घरी उरे. एडनचा ‘शाही मुलब्बन’ हा दूध, साखर, वेलदोडा व लवंग घालून उकळलेला चहा असून पुण्यामुंबईच्या माणसाला त्यात आपल्या अमृततुल्याची आठवण व्हावी. फरक दुधाचा. शहरात दुभती जनावरे नसल्याने आटीव दुधाचा डबा हाच तेथील दुधाचा मुख्य आधार झाला, आणि आता त्या डब्याचीच चव एडनकरांना खरी वाटते.

भोजनाचार : मुख्य जेवण दुपारचे असते. जमिनीवर ‘सुफ्रा’ अंथरून मध्ये एकच मोठे ताट ठेवतात व सर्वजण त्यातून उजव्या हाताने जेवतात. आपल्या पंगतीत ज्याचे त्याचे पान वेगळे असते. येथे पान एकच, मात्र आपल्या समोरच्या भागातूनच घास घ्यावा, दुसऱ्याच्या बाजूला हात नेऊ नये असा दंडक आहे. मांसाचा किंवा माशाचा उत्तम तुकडा यजमान स्वतः तोडून पाहुण्याच्या पुढ्यात सरकवितो. तो नाकारणे असभ्यपणाचे ठरते. थोडा खाऊन उरलेला शेजाऱ्याकडे सरकविणे हा सर्वमान्य मार्ग आहे. जेवताना गप्पा फारशा होत नाहीत. पोट भरले की उठून हात धुवावेत, इतरांसाठी थांबण्याची अपेक्षा नसते. बोलणे नंतर, चहाबरोबर. भोजनगृहांत कुटुंबासह आलेल्यांसाठी पडद्याआड वेगळा कक्ष असतो व स्त्रियांना तेथेच बसवितात. रमजानच्या महिन्यात दिवसा भोजनगृहे बंद असतात. परक्याने उघड्यावर खाणे-पिणे टाळावे.

दुपारच्या जेवणाची घाई समजण्यासाठी ‘कात’ या वनस्पतीचा विचार करावा लागतो. तिची कोवळी पाने दुपारनंतर तासन्‌तास गालात धरून चघळतात. तिने भूक मरते, म्हणून तिच्या आधी पोटभर जेवून घेतात व रात्रीचे जेवण हलके राहते. १९६७ मध्ये स्वतंत्र झालेल्या दक्षिण येमेनच्या शासनाने १९७७ मध्ये काताचे सेवन आठवड्याच्या सुटीपुरते मर्यादित केले होते. १९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाल्यावर ते बंधन गेले. गरीब कुटुंबाच्या उत्पन्नातील मोठा वाटा आज या पानांवर जातो. अन्नाच्या तुटवड्याची चर्चा करताना हा खर्च नजरेआड करणे योग्य होणार नाही.

संघर्षकाळ : मार्च २०१५ मध्ये हूथी व त्यांच्या मित्र सैन्याने एडनवर चाल केली आणि जुलैमध्ये त्यांना हुसकावून लावेपर्यंत शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली. बंदर बंद पडले, भट्ट्यांना पीठ व इंधन मिळेना. त्या वेळी भारताने ‘ऑपरेशन राहत’ या मोहिमेत ४,६०० हून अधिक भारतीयांना व ४१ देशांच्या सु. ९६० नागरिकांना येमेनबाहेर काढले. ३१ मार्च रोजी ‘आयएनएस सुमित्रा’ ही युद्धनौका एडन बंदरात शिरून ३४९ जणांना घेऊन निघाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी सैन्य व दक्षिणेतील फुटीर गट यांच्यात शहरातच पुन्हा चकमकी झाल्या. ३० डिसेंबर २०२० रोजी विमानतळावर हल्ला झाला. एप्रिल २०२२ च्या तहानंतर मोठी लढाई थांबली तरी नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले.

या घटनांचा ताटावरील परिणाम गोळीबारापेक्षा अधिक खोल गेला आहे. येमेनला लागणाऱ्या गव्हापैकी ९०% हून अधिक गहू परदेशांतून येतो आणि तांदूळ जवळजवळ सर्वच. भारतीय बासमतीच्या मोठ्या खरेदीदारांत येमेनची गणना होते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा काळ्या समुद्राकडील गहू अडला व त्याची झळ एडनच्या भट्टीपर्यंत पोहोचली. धान्य बंदरात आले तरी ते विकत घेण्यास चलनात बळ लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलविण्यात आली व पुढे देशात एकाच रियालचे दोन दर झाले. युद्धापूर्वी एका डॉलरला सु. २१५ रियाल पडत. जुलै २०२५ मध्ये एडनमध्ये हा दर २,८०० च्या पलीकडे गेला व त्यानंतर सु. १,६०० वर आला. सरकारी नोकरांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. भट्टीवाल्यांना रोतीची किंमत वाढविणे कठीण झाले की ते तिचा आकार लहान करीत. उन्हाळ्यात वीज दिवसाचे बहुतेक तास नसते, त्यामुळे मासळी साठविता येत नाही व बर्फ महाग होतो. होड्यांचे इंधनही महागले. दैरक ज्यांच्या बंदरावर उतरतो त्यांच्यापैकी अनेकांना तो विकत घेणे परवडत नाही, अशी स्थिती आली.

एडनच्या गृहिणीपाशी अशा दिवसांसाठी एक जुना पदार्थ आहे : ‘सानूना हवा’, म्हणजे हवेची सानूना. टोमॅटो, कांदा, बटाटा व हवाइज घालून कालवण नेहमीप्रमाणेच करतात, त्यात मासा किंवा मांस तेवढे नसते. नावातला विनोद पूर्वीचा आहे. युद्धाच्या वर्षांत हा पदार्थ अधूनमधूनचा न राहता रोजचा झाला. पाहुण्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण घरी सानूना हवा खाणारा यजमान पाहुण्यासाठी मासा आणल्याशिवाय राहत नाही. आमंत्रण स्वीकारल्यास जाताना फळे, साखर, चहा किंवा मुलांसाठी खाऊ न्यावा; पैसे देऊ करणे अपमानकारक समजले जाते. भोजनगृहात गेल्यास मात्र बिलाखेरीज भट्टीवर राबणाऱ्या पोऱ्याच्या हातावर काही ठेवण्यास हरकत नाही.

युद्धाने शहराचे आचारीही बदलले. मुख्बाजे व चहाची दुकाने चालविणाऱ्यांत ताइझ व इतर उत्तरेकडील जिल्ह्यांतील लोक पूर्वीपासून पुष्कळ होते. २०१८ मध्ये हुदैदा बंदराभोवती लढाई पेटल्यावर तिकडील विस्थापित कुटुंबे एडनला आली. १ ऑगस्ट २०१९ च्या हल्ल्यांनंतर उसळलेल्या प्रक्षोभात उत्तरेकडील अनेक कामगारांना व दुकानदारांना मारहाण करून शहराबाहेर घालविण्यात आले आणि काही भोजनगृहे जाळली गेली. ज्याच्या हातचे रोज खाल्ले त्यालाच परका ठरविण्याचा हा प्रकार एडनच्या बहुरंगी परंपरेला सोडून होता. अर्थात १९४७ च्या दंगलीत ज्यूंच्या बाबतीत हेच घडले होते. एडनचे ज्यू त्यानंतरच्या वीस वर्षांत निघून गेले व लहूह, हवाइज आणि सहाविक त्यांनी इझ्राएलमध्ये नेले. पारशांची वस्तीही सरली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या अग्यारीतील पवित्र अग्नी १९७६ मध्ये विमानाने मुंबईस आणून लोणावळ्याला ठेवण्यात आला.

महाराष्ट्रात येमेनी अन्नाचा परिचय झाला तो एडनमार्गे नव्हे, हद्रमौतमार्गे. हद्रमौतचे अरब शिपाई अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पेशवे, नागपूरकर भोसले, गायकवाड व निजाम यांच्या पदरी होते. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढविला तो अशाच अरबांनी. मराठवाड्यातील ‘चाऊस’ घराणी व हैदराबादच्या बारकस भागातील वस्ती हे त्यांचे वंशज होत. खोल खड्ड्यातील भट्टीत निखाऱ्यांवर मांस लटकवून व खाली तांदूळ ठेवून करावयाचा ‘मंदी’ हा हद्रमौतचा पदार्थ हैदराबाद, मुंबई इ. शहरांत अलीकडे लोकप्रिय झाला आहे. त्यावरून एडनच्या जेवणाची कल्पना करू नये; मंदीत मासळी नाही, आणि एडनचा चहाही नाही.

एडनला प्रत्यक्ष जाणे भारतीयांना सध्या सहज शक्य नाही, कारण २०१७ पासून भारत सरकारने येमेनच्या प्रवासावर निर्बंध घातले आहेत. मदतकार्य, जहाजाची नोकरी वा अन्य परवानगीने जाणाऱ्याने पाण्याविषयी सर्वाधिक सावध राहावे. २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या व २०१७ मध्ये देशभर पसरलेल्या पटकीच्या साथीचे मुख्य कारण दूषित पाणी हेच होते. बंद बाटलीतील किंवा उकळलेले पाणी प्यावे. बर्फ, कच्च्या भाज्या व उघडे ताक टाळावे. भट्टीतून नुकतीच निघालेली पोळी, डोळ्यांसमोर भाजलेला मासा व उकळता चहा हे सर्वांत सुरक्षित अन्न समजावे. मासा सकाळी लवकर घ्यावा, दुपारनंतर उरलेला घेऊ नये. ऑक्टोबर ते मार्च हा काळ हवेच्या दृष्टीने सुसह्य असतो. जून ते सप्टेंबरमध्ये उष्मा असह्य होतो व नैर्ऋत्य वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मिरकरवाड्याच्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा एडनच्या बाजारातही मासळी कमी येते व तिचा भाव चढलेला असतो.